वरातीच्या गाडीचं स्टिअरिंग

“हलव. अरे हलव म्हणतो ना! हातात जीव शे का नही? सकाळी भाकरी खाल्ली का नुसता वारा?”

नाना माझ्यावर ओरडत होते. धुळ्यात, पांझरेच्या काठावर, भंगाराच्या एका आवारात, चैत्रातल्या भर दुपारी. ऊन असं की लोखंडाला हात लावू नये, पण आम्ही बापलेक एवढे तापलो होतो की चटका बसलाच तर लोखंडाला बसला असता.

आमच्यामध्ये दोन पिंपांवर एक स्टिअरिंग आडवं टाकलेलं होतं. नुसतं चाक नव्हे. चाक, त्याच्याखालची लांब नळी, नळीच्या पोटातला दांडा आणि शेवटी बोजड लोखंडी डबा, असं गाडीच्या छातीतून उपटून काढलेलं आख्खं धूड. डब्यातून एक लोखंडी हात बाहेर आलेला असतो, तो गाडीच्या पुढच्या चाकांना ओढतो. तो हात नानांनी चोर पकडल्यासारखा पोटाशी आवळून धरला होता. मी दुसऱ्या टोकाला चाक धरून ते जरासं इकडे, जरासं तिकडे हलवायचं, आणि हिसका पोटाला कधी कळतो ते नानांनी सांगायचं. चाक हललं आणि पोटाला कळलंच नाही, तर तेवढी आतली झीज. तिला सगळे मेस्तरी ‘प्ले’ म्हणतात.

मी हलवत होतो आणि नानांना लगेच कळत होतं. म्हणजे झीज नव्हती. म्हणजे ओरडायचं काही कारणच नव्हतं. तरी ते ओरडत होते, कारण ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो माणूस समोर खाटेवर बसून टरबूज खात होता आणि बिया आमच्या दिशेनं थुंकत होता.

तो माणूस म्हणजे आबा. या आवाराचा मालक, आणि अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सासऱ्यांचा चुलतभाऊ. नात्यानं नानांचा व्याहीच. या स्टिअरिंगपायी त्यानं आम्हाला जळगावहून धुळ्याला एवढ्या खेपा घालायला लावल्या होत्या की वाटेतले कुत्रेसुद्धा आमच्यावर भुंकायचे थांबले होते. आज माणूस नाही, उद्या किल्ली नाही, परवा मूड नाही. आणि मुलीच्या बापानं व्याह्यावर ओरडायचं नसतं. हा कायदा कोणी कुठं लिहून ठेवलेला नाही, पण आमच्याकडे तापी एक वेळ उलटी वाहील, हा कायदा मोडणार नाही. व्याही म्हणाला आज शनिवार, तर मुलीच्या बापानं घरी जाऊन कॅलेंडर बदलायचं. म्हणून नाना ओरडायचे माझ्यावर आणि बोलायचे आबांशी.

“काही कळतं का तुला, गधड्या? समोरचा गोड बोलला की लगेच विरघळतोस. जरा पारखायला शिक.”

हे मला. मी कशाला विरघळतो? मी तर सकाळपासून चहासुद्धा प्यालेलो नव्हतो. आबा दुसरी फोड उचलत म्हणायचे, “जाऊ द्या नाना, पोराला एवढं बोलू नका. शिकेल.”

पोर. मला तेव्हा मिशा होत्या, बी.कॉम.ची पदवी होती आणि दोन ठिकाणी मुली पाहून झाल्या होत्या.

आता ही गाडी. नाना जळगावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये हेडक्लार्क होते. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी विलायती नानांना दिली. दिली म्हणजे गळ्यात मारली. पण नाना ते असं सांगायचे की जणू एखाद्या संस्थानिकानं दरबारात बोलावून हत्ती बहाल केला. गाडी हत्तीसारखी होतीच म्हणा: रंगानं, खाण्यानं, आणि एकदा बसली की उठायला लागणाऱ्या वेळानं. तिचे सुटे भाग बनवणारा कारखाना विलायतेत केव्हाच बंद पडलेला. जे मिळायचं ते भंगारात, दुसऱ्या मेलेल्या हत्तीच्या अंगातून काढलेलं.

तिच्या स्टिअरिंगला एवढा प्ले होता की नाना एरंडोलला चाक डावीकडे फिरवायचे आणि गाडी पारोळ्याला डावीकडे वळायची. मी वाढवून सांगतो असं वाटत असेल तर पारोळ्याला जाऊन विचारा. तिथला एक हॉटेलवाला आमची गाडी दिसली की बाहेरची बाकडी आत ओढून घ्यायचा, गिऱ्हाइकासकट. सरळ रस्त्यावरसुद्धा नाना ताक घुसळल्यासारखं चाक सतत डावी-उजवीकडे ढवळत असायचे. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटायचं, पुढच्या गाडीत मारामारी चालली आहे. बऱ्याचदा चाललेलीही असायची.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. पण मधे आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासरी नांदणाऱ्या मुली माहेरी येतात. एक वेळ दिवाळी चुकली तर चालते. निंबाला झोके बांधलेले असतात, मुली झोक्यावर चढून सासरच्या एकूण एक माणसाचा गाण्यातून उद्धार करतात आणि वर्षाचं ओझं उतरवून परत जातात. त्यांना आणायला भाऊ जातो, नाहीतर बाप. आदल्या आखाजीला आम्ही दोघंही या गाडीतून शिंदखेड्याला गेलो. जाताना नीट गेलो. येताना गाव सुटतं न सुटतं तोच समोरून बैलगाडी आली. नानांनी चाक डावीकडे घेतलं. गाडीनं आधी विचार करायला वेळ घेतला, आणि मग जे ऐकलं ते गरजेपेक्षा फार जास्त ऐकलं. आम्ही रस्ता सोडून शेताच्या बांधावरच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात. कापसाच्या त्या वाळक्या काटक्या खिडकीतून आत आल्या, त्या मी पुढे पोळ्यापर्यंत कपड्यांतून काढत होतो. गाडी तिथंच रुतली. अक्का डोक्यावर ट्रंक घेऊन चालत परत सासरी गेली, कारण तेच जवळ होतं. तिच्या सासूबाईंनी दारातच विचारलं, “एवढ्यात झालं माहेर?”

दुसऱ्या दिवशी एसटीनं तिला घेऊन आलो, तो भाग निराळा. पण नाना त्या एका वाक्यानं पेटले. सगळ्या गल्लीसमोर छातीवर हात मारून म्हणाले, पुढच्या आखाजीला गाडी सरळ तुमच्या ओट्याला आणून लावीन. सासूबाई म्हणाल्या, “लावा. मगच पाठवीन.”

झालं. दोघांनी एकमेकांची जिरवायचं ठरवलं आणि अक्काची आखाजी मधे लोंबकळत ठेवली. तिला कोणी विचारलं नाही. मी घरी म्हणालो, नाना, जळगाव-धुळे एसटी आहे, धुळे-शिंदखेडा एसटी आहे, आपण जाऊन हात जोडू आणि तिला घेऊन येऊ. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अक्काला पोस्टानं मागवा म्हणालो होतो. वर्षभर शिंदखेड्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिचा निरोप यायचा. दुसरं काही नसायचं त्यात. ‘गाडी झाली का, विचार.’ एवढंच. मला तो निरोप ऐकला की नानांचा राग यायचा, सासूबाईंचा यायचा, गाडीचा यायचा, आणि त्या पऱ्हाट्या रचून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचाही यायचा.

म्हणून आम्ही त्या दुपारी आबांच्या आवारात लोखंड हलवत होतो.

नानांची पारख मोठी कडक. त्यांनी आधी चाक वर-खाली ओढून पाहिलं, वरचं बुश, म्हणजे दांड्याभोवतीची कडी, ढिलं आहे का ते. मग पुढे-मागे दाबलं, दांडा नळीत सरकतो का ते. मग नळीला कान लावला, वैद्य छातीला लावतो तसा, आणि मला आवारातल्या सगळ्या कोंबड्यांना गप्प करायला सांगितलं. डब्याचं टोपण उघडून आतलं उरलंसुरलं वंगण बोटावर घेतलं, हुंगलं, उन्हात धरलं. आत लोखंड झिजत असेल तर वंगणात चुरा चमकतो. काही चमकत नव्हतं. चमकणार कसं? डबा आतून सणाच्या भांड्यासारखा घासलेला होता. चाक मधे असल्यानं त्या तोंडातून आतले मधले दात तेवढे दिसत होते. भंगारातला एवढा स्वच्छ डबा मी पुढं जन्मात पाहिला नाही. तो इतका स्वच्छ का, हे विचारायची व्याह्याच्या दारात बंदी होती.

मग नानांनी मला शिकवणी दिली. माझ्या नावावर, आबांना ऐकू जाईल अशी.

“स्टिअरिंग कुठं झिजतं? मधे झिजतं. गाडी दिवसभर सरळ जाते, म्हणून दात झिजतात ते मधले. कडेचे दात म्हातारपणीसुद्धा कोवळे. म्हणून बघायचं ते मधे. मधे घट्ट, तर माल चोख.”

हे खरंही होतं. रागात असलो तरी खोटं बोलणार नाही. जगातला कुठलाही मेस्तरी जुनं स्टिअरिंग असंच तपासतो. मधे धरून हलवायचं. हे मधे दगडासारखं घट्ट होतं.

आणि आबांनी तेवढ्यात हुकमाचं पान टाकलं. हात धोतराला पुसत ते उठले आणि म्हणाले, “नाना, ही गाडी कुणाची होती माहीत आहे? बँडवाल्याची. वरातीची गाडी. अख्ख्या वरातीत अर्धा मैल चालायची. लग्नसराई संपली की शेडमध्ये ताडपत्रीखाली. तुमची जळगाव-धुळे रोज धावलेली गाडी वेगळी आणि ही वेगळी. ही चाललीच नाही.”

नानांचा चेहरा असा उजळला की मला सावलीत सरकावंसं वाटलं. वरातीची गाडी! आमच्याकडे जुन्या गाडीच्या बाजारात यापेक्षा मोठी पदवी नाही. डॉक्टरची गाडी, पुजाऱ्याची गाडी, आणि सगळ्यांच्या वर वरातीची गाडी. फुलांच्या माळा, नवरदेव, मुंगीची चाल. झिजेल कशानं? हे आबांनी सांगितलं, नानांनी मानलं, आणि खरं सांगायचं तर धुळे-जळगावातल्या शंभरातल्या शंभरांनी मानलं असतं.

मी म्हणालो, एकदा चाक दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण फिरवून पाहू. का म्हणालो, देव जाणे. पुढं लोकांना सांगताना मी असं सांगतो की मला संशय आला होता. खरं म्हणजे मला इतका वेळ नुसतं वीतभर हलवून कंटाळा आला होता.

आबा म्हणाले, “डब्यात तेल नाही. कोरडं फिरवलं तर आटे खरवडतील. मग तुमचं तुम्ही बघा.”

आणि नाना माझ्यावर उलटले. “ऐकलंस? आबा सांगतायत ना? सोड ते चाक. हात लावायची अक्कल नाही आणि निघाला फिरवायला.”

मी चाक सोडलं. त्या वेळी माझ्या डोक्यातून निघालेल्या वाफेवर मालकांचं जिनिंग हंगामभर चाललं असतं.

ते धूड आम्ही एसटीच्या टपावरून जळगावला आणलं. अंगणात गाडी जॅकवर चढवली, जुनं स्टिअरिंग काढलं, नवं, म्हणजे जुनंच, बसवलं, डब्यात तेल ओतलं. पुढची चाकं अधांतरी होती. नानांनी चाक या टोकाहून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि ते लोण्यासारखं फिरलं. मग त्यांनी गल्ली गोळा केली. ज्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती त्यांनीही आत बसून ते फिरवून पाहिलं आणि वा वा केली. शेजारच्या काकू तर उतरायलाच तयार नव्हत्या. आईनं चाकाला हळदकुंकू लावलं. चाकं हवेत असताना काहीही सहज वळतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही शिंदखेड्याला निघालो. आणि काय सांगू, गाडी अशी सरळ गेली की नानांना वाटेत बोलायला विषयच उरला नाही. एरंडोल गेलं, पारोळा गेला. हॉटेलवाला बाकडी ओढायला धावला आणि आम्हाला सरळ जाताना पाहून हातात बाकडं घेऊन तसाच उभा राहिला. धुळे ओलांडलं. नाना एका हातानं चाक धरून गुणगुणायला लागले. रस्ताच सगळा सरळ. वळायचं ते असं थोडंथोडं, मधल्या चांगल्या दातांच्या भरवशावर.

अक्काच्या सासरची गल्ली एका लहान चौकात उघडते. मधे निंबाचा पार आणि चारी बाजूंनी ओटे. तो दिवस वाळवणाचा होता. गल्लीतल्या बायका कुरडया एकमेकींच्या मदतीनं घालतात, आणि त्या दिवशी चौकभर खाटा मांडून त्यांवर धोतरं अंथरली होती, धोतरांवर कुरडया, पलीकडे ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे. पांढऱ्या फुलांची शेतीच म्हणा. मधून गाडीपुरती वाट होती. नाना त्या वाटेनं सुईत दोरा घालावा तसे आले आणि गाडी ओट्याला लावली. बरोबर, वीतभर अंतरावर. सासूबाई बाहेर आल्या. नाना उतरले, आणि मिशीला पीळ भरायचा तेवढा राहिला, कारण मिशी नव्हती.

सासूबाईंनी गाडीकडे पाहिलं. ओट्याकडे पाहिलं. “चहा घ्या,” म्हणाल्या. जिंकलो होतो आम्ही. अक्का आतून पाणी घेऊन आली. हाताला कुरडईचा चीक लागलेला, कपाळावर घाम, पण ट्रंक भरून दाराशी ठेवलेली मी पाहिली. आबाही आले होते, सणाला भावाकडे. खाटेवर बसले होते आणि या वेळी आंबा खात होते.

इथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण नानांना सरळ येऊन भागलं नाही. त्यांना गाडीचं तोंड वळवून ठेवायचं होतं. म्हणाले, लेक बसेल तेव्हा गाडीचं तोंड जळगावकडे पाहिजे. मी म्हणालो, रिव्हर्स घेऊ, मी मागून सांगतो. तर म्हणाले, मागं मागं जायला आपण काय चोरी करून निघालोय?

ते परत गाडीत बसले, ती पाराशी आणली आणि उभ्या गाडीतच चाक उजवीकडे पिळायला लागले. जागा लहान, गाडी हत्ती. चाक पिळताना नानांच्या मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या मला बाहेरून दिसत होत्या. चाक पार टोकाला गेलं. आतून कडकन आवाज आला, सुपारी फुटावी तसा. आणि मग ते चाक परत येईना.

गाडी मात्र चालायला लागली होती. उजवीकडे पूर्ण वळलेली पुढची चाकं, ती सरळ होईनात, आणि गाडी निंबाच्या पाराभोवती प्रदक्षिणा घालायला लागली. आमच्या गाडीचा ब्रेक लगेच लागत नसे, पायानं पंप मारून मारून त्याची समजूत काढावी लागे. मी पुढं धावत ओरडत होतो, ब्रेक, ब्रेक. नाना आतून माझ्यावर ओरडत होते, “चाक सोड, चाक सोड!” जणू चाक मी धरलं होतं. पहिली खाट मोडली. दुसरी मोडली. एक बकरी अशी उडाली की ती उतरताना मी पाहिलेली नाही. पोरं ओट्यांवर चढून टाळ्या वाजवत होती. गाडी पूर्ण फेरी मारून थांबली तेव्हा तिच्या बंपरवर एक धोतर, काचेवर बिबडे आणि चाकांखाली सगळ्या गल्लीच्या कुरडया होत्या.

माणसाला कोणालाच काही लागलं नाही. एक म्हातारी मधोमध उभी राहून आपल्या सगळ्या कुरडया गेल्या हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मन्या बठ्ठ्या कुरडया गयात.”

कुरडई म्हणजे काय काम असतं, हे खाणाऱ्याला माहीत नसतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे चुलीवर तो घाटायचा, हाताचे चटके मोजायचे नाहीत, आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. मी ते पुढं संसारात पडल्यावर पाहिलं. त्या दिवशी मला फक्त नाना दिसत होते.

नाना खाली उतरले आणि सरळ माझ्या अंगावर आले. आबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. अक्काचे सासरे उभे. सगळी गल्ली गोल करून उभी. आणि नाना मला म्हणाले, “तुला सांगितलं होतं ना, दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघ? एक काम धड करत नाही. बघायचं नाही, तपासायचं नाही, उचललं आणि आणलं.”

मला. मला म्हणाले हे.

आयुष्यात काही वेळा माणसाचं तोंड आधी उघडतं आणि शब्द मागून धावत येतात. मी गुडघ्यावर बसलो, डब्याचं टोपण काढलं आणि सगळ्यांना बोलावलं. या, म्हटलं, बघा. चाक टोकाला अडकलेलं, म्हणून आता कडेचे दातही तोंडाशी आले होते. मधले दात कोरे करकरीत, दुकानातून आणल्यासारखे. कडेचे दात घासून बोथट, म्हातारीच्या हिरड्या. आणि मी वळून थेट आबांवर ओरडलो. नानांमार्फत नाही, कोणामार्फत नाही.

“वरातीची गाडी चालत नाही आबा, पण वळते ना! बँडच्या मागं उभी, कोपऱ्या-कोपऱ्यावर उभी, आणि उभ्या उभ्या चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळायचं, वर टपावर पोरं बसलेली. तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही फिरवू दिलं नाही. म्हणून डबा घासून ठेवलात.”

सगळ्या चौकानं माझ्याकडे वळून पाहिलं. बकरीनंसुद्धा, जिथं होती तिथून. मुलीचा भाऊ व्याह्यावर ओरडला होता, ते शिंदखेड्यात पहिल्यांदाच झालं असावं.

आबांनी कोय बाजूला ठेवली. “मी काय खोटं बोललो?” ते म्हणाले. “चालली नाही म्हणालो. चालली होती का?”

आणि नाही, चालली नव्हती. तोच तर वांधा होता. तेवढ्यात नानांनी माझी गचांडी धरली. व्याह्यांशी असं बोलतोस? हे शिकवलं तुला? मी म्हणालो, तुम्हीच बोला मग, एकदा तरी ज्याला बोलायचं त्याला बोला. ते म्हणाले, तोंड बंद कर. मी म्हणालो, नाही करत. सासरे आबांना म्हणाले, तू पण काय माणूस आहेस. आबा सासऱ्यांना म्हणाले, मी यांच्या घरी विकायला गेलो होतो का? यांनीच खेपा घातल्या. शेजारणी सासूबाईंना विचारायला लागल्या, आमच्या वाळवणाचं काय? सासूबाई म्हणाल्या, गाडी काय मी चालवत होते? सगळा चौक एकमेकांवर ओरडत होता आणि प्रत्येक जण चुकीच्या माणसावर ओरडत होता. मला त्या दिवशी कळलं की आमच्याकडे राग हा पाहुणा असतो; तो ज्याच्याकडे जायचा त्याच्याकडे कधीच जात नाही, वाटेत जो भेटेल त्याच्या घरी जेवतो.

शेवटी नानांनीच आवाज चढवून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, बस झालं. गाडी राहू द्या इथंच. दुपारच्या एसटीनं मी लेकीला घेऊन जातो. आणि आश्चर्य म्हणजे सासूबाईंनीही हात हलवला. न्या बाई, म्हणाल्या, न्या एकदाची. गाडी ओट्याला लागली होती, मी बघितली. शब्द म्हणजे शब्द.

म्हणजे मिटलं. जे वर्षभर अडून होतं ते एका हाताच्या हलवण्यानं सुटलं. नानांचा चेहरा पुन्हा उजळला. मी माझी कॉलर नीट केली आणि ट्रंक उचलायला ओट्यावर गेलो. ट्रंक जड होती; तिनं वर्षभर थोडं थोडं करून भरली असावी. खांद्यावर घेऊन मी वळलो.

“चाल माय,” नाना म्हणाले. “आवर लवकर. दोनची एसटी सापडेल.”

अक्का चौकात मोडलेल्या खाटेशी उकिडवी बसली होती. समोर सूप होतं. मातीत गेलेल्या कुरडयांतून धड राहिलेल्या वेचून ती सुपात टाकत होती, आणि सुपात फार थोड्या होत्या. चारी बाजूंच्या शेजारणी तिच्याकडे पाहत उभ्या होत्या. तिनं मान वर केली नाही.

“तुम्ही जा नाना,” ती म्हणाली. “गहू आजच भिजवावे लागतील.”